तात्यांची रायफल, पुतणीची रायफल
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्याख्यानाला जळगावहून नाहीतर इंदूरहून कोणीतरी विद्वान येतात. यंदा कार्यकारिणीने ती माळ आमच्या गळ्यात घातली. आम्ही डिप्लोमावाले, सरकारी खात्यातले उपयंत्री. उभा जन्म पाइप, टाक्या आणि एस्टिमेट यांत चालला आहे. म्हणून आम्ही सुचवले की पाण्यावर बोलतो. सचिव म्हणाले, "पाण्यावर नको. लोक उठून विचारतील की आमच्या नळाला का येत नाही. त्यापेक्षा तुमच्या घरच्या रायफलवर बोला." तर आज रायफल. भाषणात 'आम्ही' फार येईल. तो मोठेपणा समजू नये. या गोष्टीत आमचे अख्खे घर आहे, आणि एकट्याने श्रेय किंवा दोष घ्यायची आमची तयारी नाही.

आमचे आजोबा, घरात त्यांना तात्या म्हणत, जंगलाचे ठेकेदार होते. असीरगडच्या पलीकडचे सागवान तोडून आणायचे, विकायचे. तेव्हा बुरहानपूर सी. पी. अँड बेरारमध्ये, राजधानी नागपूर. त्या काळच्या शिक्क्याचा परवाना आमच्या घरात फार दिवस पाहायला मिळे. त्या परवान्यावर तात्यांनी इंदूरला एक वापरलेली रायफल घेतली. विंचेस्टर कंपनीची, १८९५ मॉडेल, ४०५ बोअर. तात्या तिला 'फोर नॉट फाइव्ह' म्हणत. तिने त्यांनी शेतात घुसणारी पुष्कळ डुकरे पाडली. वाघाची पण एक गोष्ट आहे, पण आजी म्हणायची की तो वाघ दुसऱ्याच्या गोळीने पडला आणि तात्या फोटोपुरते पुढे उभे राहिले. फोटो आहे, तात्या पुढे आहेत, एवढे खरे.

आता ही रायफल वेगळी कशी, ते सांगतो. आपल्याकडे लोकांनी पाहिलेली असते ती बोल्टवाली. लष्करातली जुनी थ्री नॉट थ्री, किंवा आपल्या आयुध कारखान्याची ३१५. तिचा दांडा हाताने वर उचलून मागे ओढावा लागतो. तात्यांची होती लिव्हरवाली. चापाभोवती जे कडे असते तेच लांब होऊन मागे येते, त्यात तीन-चार बोटे जातात. ते कडे खाली-पुढे ढकलले की आतला बोल्ट मागे येतो, रिकामे काडतूस उडून बाहेर पडते, घोडा चढतो. कडे परत वर ओढले की नवे काडतूस नळीत जाऊन बसते आणि कुलूप लागते. इंग्रजी सिनेमात घोड्यावरचा माणूस खटाखट करतो ना, तीच ही. उजवा हात दस्त्यावरून फारसा हलतच नाही, म्हणून दुसरी गोळी लवकर सुटते.

बहुतेक लिव्हर रायफलींमध्ये काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी झोपवतात. त्यात एक गोम आहे. मागच्या काडतुसाचे टोक पुढच्याच्या बुडाला, नेमके जिथे ठिणगी पडते तिथे टेकते. टोकदार गोळी घातली आणि धक्का बसला तर आतल्या आतच उडायची. म्हणून त्या रायफलींना चपट्या तोंडाच्या गोळ्या. १८९५ मॉडेल काढणाऱ्या जॉन ब्राउनिंगने काडतुसे आडवी न ठेवता खाली पेटीत एकावर एक रचली, आणि ती अडचण सुटली. पहिल्या महायुद्धात रशियाने याच मॉडेलच्या जवळजवळ तीन लाख रायफली विकत घेतल्या. तरीही लष्करांनी लिव्हर कधी मनापासून स्वीकारली नाही. पालथे झोपून गोळी झाडायची तर कडे खाली ढकलायला जमीन आड येते. उपयंत्री म्हणून आम्हाला हा दोष फार आवडतो. डिझाइन उत्तम, साइटवर नेले की अडते.

४०५ची गोळी जवळजवळ २० ग्रॅमची. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा सिंहासाठी त्यांनी हीच नेली होती. आपल्याकडे बंगळूरचे केनेथ अँडरसन, नरभक्षक वाघांच्या गोष्टी लिहिणारे, त्यांचीही आवडती हीच. तात्यांना अँडरसन ठाऊक नव्हते. आम्हाला ते नाव कॉलेजच्या वाचनालयात भेटले, तेव्हा घरी येऊन आम्ही एवढ्या जोरात सांगितले की आजी म्हणाली, "मग त्यालाही खांदा दुखायचा का विचार."

खांदा! या रायफलीचा दस्ता शेवटी लोखंडी पट्टीने मढवलेला. तात्या सहा फुटी, रुंद. त्यांना ती बसे. आमचे धाकटे काका पाच फूट चार इंच. त्यांनी एकदा झाडली आणि आठ दिवस डाव्या हाताने जेवले. यावर काकांनी इलाज शोधला तो असा, की रायफलीला दुर्बीण बसवायची! साठीच्या दशकातली गोष्ट. त्यांना वाटले, दुर्बीण असली की आपण लांबून एकच गोळी मारू, पुन्हा मारायची वेळ येणार नाही. पण या रायफलीचे रिकामे काडतूस वरून उडते. दुर्बीण नळीच्या बरोबर वर बसवली तर काडतूस तिच्यावर आपटेल. म्हणून कारागिराने डाव्या अंगाला चार भोके पाडून, आटे काढून, बाजूला पट्टी बसवली. दुर्बीण डावीकडे, डोळा तिच्यामागे न्यायचा तर गाल दस्त्यावरून उचलायचा. गाल उचलला की नेम गेला. काकांनी दोन वेळा प्रयत्न केला आणि दुर्बीण काढून ठेवली. भोके राहिली. ही चार भोके लक्षात ठेवा, पुढे लागतील.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. योग्यच झाले. तात्या मात्र त्यानंतर रायफल फक्त तेल द्यायला काढीत. काडतुसेही मिळेनाशी झाली. मग बाबांच्या नावावर परवाना आला. बाबांनी ती एकदाही झाडली नाही. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची. लोकसभा, विधानसभा, नगरपालिका, पंचायत. आमच्या लहानपणी रायफल म्हणजे गुंडाळलेल्या चादरीतून सायकल रिक्षाने ठाण्यात जाणारी एक वस्तू होती. तिच्यामागे बाबा छत्री घेऊन.

२०१९ मध्ये बाबा गेले. जायच्या आधी म्हणाले होते, "तात्यांची आहे, विकू नका." एवढेच. का विकू नये, ठेवून काय करावे, काही नाही. परवाना बाबांचा, म्हणून रायफल नियमाप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली आणि आम्ही भावंडे विचार करीत बसलो.

आता इथे घरात दोन पक्ष झाले. आमचा एक आतेभाऊ टेक्सासमध्ये राहतो. तो म्हणाला, विकायची नाही, कोणीतरी परवाना काढा, मी तिला नटवतो. तिकडे लिव्हर रायफलींच्या रीतसर स्पर्धा होतात म्हणे. त्याने व्हिडिओ कॉलवर सगळे समजावले, आणि खरे सांगायचे तर आम्हीही गुंगलो. पोलादी पत्र्याचे प्राणी उभे केलेले असतात. ५० मीटरवर कोंबड्या, १०० वर डुकरे, १५० वर टर्की, २०० वर मेंढे. उभे राहून, कशाचाही आधार न घेता मारायचे. गोळी लागून भागत नाही, प्राणी आडवा पडला पाहिजे. मेंढा चांगला वजनदार असतो. गोळी लागते, ठण् आवाज येतो, मेंढा डुलतो आणि पुन्हा उभाच राहतो, गुण शून्य. म्हणून तिथे हलकी गोळी चालत नाही आणि फार जड गोळी खांदा सोडत नाही. दुर्बीण बाद. मागे बारीक भोकाची नेमपट्टी लावायला परवानगी, म्हणजे डोळा भोकातून पुढच्या मक्खीकडे पाहतो.

आतेभावाची यादी तयार होती. दस्त्याला रबराची गादी, म्हणजे धक्का कमी. लिव्हरच्या कड्याला चामड्याची दोरी गुंडाळायची, कारण शंभर वेळा कडे मारले की बोटांच्या मागची कातडी सोलते. दस्त्यावर काडतुसे खोचायचा चामड्याचा पट्टा. खांद्याला अडकवायचा पट्टा. भोकाची नेमपट्टी. यातले प्रत्येक सामान कशासाठी आहे हे तो नीट सांगत होता, आणि ते खोटेही नव्हते. आम्ही फक्त विचारले, "आणि मेंढे कुठे उभे करायचे? शनवाऱ्यात?"

दुसरा पक्ष आमच्या पुतणीचा होता. ती तेव्हा तेरा वर्षांची. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिक झाले. खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूर गावचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर त्यात रायफल घेऊन उभा होता. आपल्या निमाडचा मुलगा! भोपाळच्या राज्य शूटिंग अकादमीत शिकलेला. टीव्हीवर त्याला पाहून पुतणी दादाला म्हणाली, "बाबा, आपल्याकडे पण रायफल आहे ना?" दादा म्हणाला, "आहे, पण ती ती नाही."

ती ती का नाही, हे शोधायला आम्ही नियमांचे पुस्तक वाचले. सरकारी नोकर आहोत, नियम वाचायला कंटाळत नाही. देशात आणि जगात मोठ्या बोअरची जी स्पर्धा होते ती ३०० मीटरची. आपल्याला लांब जायला नको, महूच्या लष्करी रेंजवर मोठ्या बोअरच्या राष्ट्रीय स्पर्धा झालेल्या आहेत. महूलाच सैन्याचे नेमबाजी पथक आहे. लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात रौप्यपदक आणणारे विजय कुमार तिथेच तयार झाले. या ३०० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, म्हणजे चहाच्या बशीहून लहान. आणि रायफलीचे बोअर जास्तीत जास्त ८ मिलिमीटर. तात्यांच्या गोळीचा व्यास इंचात ०.४११, म्हणजे १०.४ मिलिमीटर. अडीच मिलिमीटरने तात्या स्पर्धेबाहेर!

आणि इथे आम्हाला एक गंमत सापडली. ५० मीटरच्या रायफल स्पर्धेत, म्हणजे ज्यात ऐश्वर्य खेळतो त्यात, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास किती? १०.४ मिलिमीटर. तात्यांची गोळी नेमकी त्या दहाच्या वर्तुळात मावते, ना कमी ना जास्त. आम्ही कागदावर काढून दाखवले. पुतणी बराच वेळ त्या गोलाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, म्हणजे तात्यांची गोळी जेवढी, तेवढ्यातच मला मारायचे?" आम्ही म्हणालो, तेही नंतर. आधी १० मीटरची एअर रायफल, तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

या खेळाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. देशाची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, पुढे लोकसभेचे पहिले सभापती. घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १८८८ मध्ये बडोद्याला, वकिली आणि सारे सार्वजनिक जीवन अहमदाबादेत. म्हणजे आपल्यासारखेच, बाहेर रुजलेले मराठी घर. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची जी अखिल भारतीय स्पर्धा होते तिला मावळंकरांचे नाव आहे. गांधीजींच्या मागे तुरुंगात गेलेल्या माणसाने रायफल संघटना काढावी, याचे आमच्या आत्याला फार नवल वाटते. आम्हाला वाटत नाही. नेम धरायला जो संयम लागतो तो त्या पिढीकडे भरपूर होता. पुढे अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे, २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, ही नावे आपल्याला पाठ आहेत.

तर निर्णय. दादा म्हणे, मुलीला साधन हवे. आतेभाऊ म्हणे, बाबांचा शब्द. आम्ही मध्ये. जवळजवळ वर्षभर घरात जेवताना कोणी रायफलचा विषय काढत नसे, आणि काढला की ताट अर्धे राहत असे. शेवटी जळगावहून आत्या आली. तात्यांची मोठी मुलगी, ऐंशी उलटलेली. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "माझा भाऊ विकू नका म्हणाला, कारण त्याला विकायचा फॉर्म भरायचा कंटाळा होता. तात्यांनी ती वापरायला घेतली होती, ठाण्यात ठेवायला नाही." मग आतेभावाला फोन लावून त्याच्याशी दहा मिनिटे वेगळ्या खोलीत बोलली. काय बोलली ते आजवर दोघांनीही सांगितले नाही. तिचाच मुलगा तो.

रायफल २०२३ मध्ये रीतसर परवानगीने माळव्यातल्या एका परवानाधारकाने घेतली. परदेशी बंदुकांची आयात कित्येक वर्षे बंद असल्याने जुन्या विलायती बंदुकीला आपल्याकडे चांगला भाव येतो, म्हणून आम्ही मनात आकडा धरून गेलो होतो. गिऱ्हाइकाने रायफल उलटी-पालटी केली, डावी बाजू उजेडात धरली आणि चार भोकांवर बोट ठेवले. "ये क्या है?" एका वाक्यात भाव एक तृतीयांश उतरला. काकांनी हौसेने केलेली ती सजावट साठ वर्षांनी आमच्या खिशातून वसूल झाली. काडतुसे नाहीत हे वेगळे. उरलेली रक्कम आम्ही कर्मचारी सोसायटीतून कर्ज काढून भरली.

पुतणीची एअर रायफल आली. मर्यादित ताकदीच्या, ४.५ मिलिमीटरच्या या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, त्यामुळे ठाण्याची वारी संपली. पहिल्या दिवशी आम्ही ती समोरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. साडेचार किलोच्या वर! तात्यांची वाघाची रायफल पावणेचार किलोच्या आसपास होती, आणि ही अर्ध्या ग्रॅमची गोळी मारणारी तिच्याहून जड. शेठजी म्हणाले, "भाऊसाहेब, इतने में तो कम में ज्यादा मिल जाता." पण वजन हवेच असते. जड वस्तू हलत कमी. नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालते, म्हणून नळीला छोटी वजने लावतात, पुढे-मागे सरकवतात.

आणि इथे आम्हाला आतेभावाची यादी आठवली. सामान इथेही आहे, त्याच्याहून जास्त आहे. पण प्रत्येक सामानामागे मोजपट्टी घेऊन एक पंच उभा आहे. दस्त्याची मागची पट्टी वर-खाली, आत-बाहेर होते, तिला खांद्यात बसणारा आकडा असतो. गालाखालची फळी मिलिमीटरने वर चढते. मागे बारीक भोक, पुढे कडी, त्या कडीत काळा गोल. तिन्ही गोल एकात एक बसले की चाप. भिंग नाही, दुर्बीण नाही. न मिटणाऱ्या डोळ्यापुढे पट्टी लावता येते, तिची रुंदीही ठरलेली. खांद्याचा पट्टा पालथे आणि गुडघ्यावर बसून मारताना चालतो, उभ्याने नाही. काकांना तात्यांची रायफल बसत नव्हती, म्हणून काकांनी तिला दुर्बीण लावली. दस्ता दीड इंच कापून घेतला असता तर बहुतेक काम झाले असते! ते त्या वेळी कोणाला सुचले नाही. पुतणीच्या रायफलीत आम्ही पहिला महिनाभर फक्त दस्ताच बसवत होतो. षट्कोनी चावीने अर्धा आटा, वहीत नोंद, दहा गोळ्या, पुन्हा अर्धा आटा. ती वही आमची आहे. डिप्लोमाचे आमच्या आयुष्यात एवढे चीज आधी झाले नव्हते.

रेंज कुठली? बुरहानपुरात शोधायला गेलो नाही. आमचा वाडा जुना, पुढच्या ओसरीपासून मागच्या दारापर्यंत एकच सरळ बोळ. टेपने मोजला तर सव्वाअकरा मीटर. हवे होते दहा. मागच्या दारावर जाड लाकडी फळ्या आणि मागे लोखंडी पत्रा, जमिनीपासून १.४० मीटरवर निशाण, वर दिवा. सराव चालू असताना दाराला आतून कुलूप, आणि ओसरीवर एक मोठा माणूस बसलाच पाहिजे, हा नियम. वहिनी त्या वेळेत भाजी निवडते. साठ गोळ्यांना सव्वा तास मिळतो, तेवढ्यात दोन किलो मेथी होते.

मग आमची चूक. नेमबाजीचे कडक जाकीट लागते, पाठ धरून ठेवणारे. नवे परवडेना. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून जुने घेतले. दुकानदार म्हणाला, नियमात बसते. आम्ही मोजून घेतले नाही. एस्टिमेटमधला पाइप व्हर्नियरने मोजणारे आम्ही, पोरीचे जाकीट नुसते हात फिरवून घेतले. इंदूरच्या एका स्पर्धेत तपासणीला गेलो. तिथे कापडाची जाडी मोजायचे यंत्र असते. एका थराला अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही. खांद्यावर आतून कोणीतरी जास्तीचा तुकडा शिवला होता. काटा पुढे गेला. जाकीट बाद.

बाहेर बाकावर आम्ही तिघे बसलो. दादा काही बोलेना. बोलला असता तर बरे झाले असते. पुतणी उठली, म्हणाली, "मी टी-शर्टवर खेळते," आणि गेली. जाकिटाशिवाय उभ्याने साठ गोळ्या मारणे म्हणजे काय, ते पाठीला विचारावे. सव्वा तास आम्ही तिची पाठ पाहत होतो. चाळीसनंतर ती दर गोळीनंतर रायफल खाली ठेवून कंबर धरत होती. गुण झाले ५४८. घरच्या बोळात ती ५९०पर्यंत पोचली होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "काका, वहीत लिहा, जाकिटाशिवाय ५४८." आम्ही लिहिले. अक्षर जरा वाकडे आले, रस्ता खराब होता.

ते जाकीट फेकले नाही. आपल्या इतवाऱ्यात एक म्हातारे शिंपी आहेत, त्यांच्याकडे नेले. त्यांनी अस्तर उसवले, जास्तीचा तुकडा काढला, पुन्हा असे शिवले की कुठे उसवले ते दिसत नाही. आम्ही व्हर्नियर घेऊन त्यांच्या दुकानात बसलो. ते वैतागून म्हणाले, "साहब, कपड़ा है, पुल नहीं है." पुढच्या तपासणीत जाकीट पास झाले. पैसे विचारले तर म्हणाले, पदक आणेल तेव्हा मावा जिलेबी खिलवा.

पदक अजून आलेले नाही. ते स्पष्ट सांगितलेले बरे, नाहीतर भाषण संपल्यावर कोणी हार घेऊन येईल. तिचे सर्वांत चांगले गुण ६०९ आहेत, दशांशात मोजतात म्हणून सहाशेच्या वर जातात. वरच्या मुली ६२५च्या पुढे असतात. मधले ते सोळा गुण म्हणजे साठ गोळ्यांत प्रत्येकी पाव गुण, आणि अंतरात मोजले तर मिलिमीटरच्या आतले काम.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये हांगझोउच्या आशियाई खेळांत ५० मीटर तीन पवित्र्यांच्या सांघिक स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळाले. संघात तिघे, त्यात एक आपला रतनपूरचा ऐश्वर्य, एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे. निमाड आणि कोल्हापूर एका पाटावर! आमच्या घरात त्या दिवशी पुरण शिजले. पुढच्या वर्षी पॅरिसला हेच दोघे समोरासमोर. पात्रता फेरीत स्वप्नीलला ५९०, सातवा. ऐश्वर्यला ५८९, अकरावा. अंतिम फेरीत आठ जण जातात. एक गुण. स्वप्नीलने १ ऑगस्ट २०२४ला ब्राँझ आणले तेव्हा आम्ही ओरडलो, आणि मग लक्षात आले की पुतणी ओरडली नाही. ती हिशेब करत होती की तो एक गुण ऐश्वर्यचा कुठे गेला असेल. आम्हाला मराठी म्हणून आनंद झाला होता आणि निमाडचे म्हणून वाईट वाटत होते. बुरहानपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला हे दोन्ही एकाच वेळी वाटते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आतेभाऊ गेल्या दिवाळीला आला होता. रायफलबद्दल काही बोलला नाही. बोळात उभा राहून पुतणीच्या दहा गोळ्या पाहिल्या. मग बॅगेतून एक पुडी काढली. लिव्हरच्या कड्याला गुंडाळायची ती चामड्याची दोरी, तात्यांच्या रायफलीसाठी आधीच घेऊन ठेवलेली. ती आता आमच्या व्हर्नियरच्या डबीला गुंडाळलेली आहे.

सध्या गणपतीचे दहा दिवस बोळ बंद आहे, कारण आरतीची मंडळी मागच्या दाराने येतात. पुतणी वरच्या माडीवर रिकाम्या रायफलीने नेम धरते आणि चाप दाबते, गोळी नाही, फक्त टक्. खाली आरती चालू असली की वरून तो टक् ऐकू येतो. विसर्जनानंतर चौथ्या दिवशी आम्हाला भोपाळला निघायचे आहे. रात्रीची गाडी आहे, जाकीट शिंप्याकडून इस्त्री होऊन यायचे आहे, आणि सचिव मघापासून घड्याळ दाखवत आहेत. आरतीची वेळ झाली.